दुसऱ्याच्या घरचं नितळ पाणी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ग्रेशम मातेवेरे, एकतीस वर्षं झोम्बा गावाचं पाणी गाळत होते. डोंगराच्या उतारावर वाळूचे जुने हौद आहेत. वरून ओढ्याचं पाणी येतं, छातीइतक्या वाळूतून सावकाश झिरपतं आणि खालून नितळ होऊन बाहेर पडतं. त्या हौदांची सगळी निगा ग्रेशम यांच्याकडे. पाणी कमी उतरायला लागलं की हौद रिकामा करायचा, वरची बोटभर वाळू खरवडून काढायची आणि पुन्हा पाणी सोडायचं. त्यानंतरही आठ-दहा दिवस त्या हौदाचं पाणी ते गावात जाऊ द्यायचे नाहीत, साहेब ओरडले तरी नाही. शेवटी मोजून क्लोरीन घालायचं, तेही त्यांचंच काम.

कॉलऱ्याच्या वर्षी ते खांद्याला पिशवी लावून दारोदार फिरले होते. कुणाच्या घागरीत किती थेंब, हे त्यांना तोंडपाठ. आमच्या आळीत त्या वर्षी एकही माणूस दगावला नाही. तेव्हापासून त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे ‘बाम्बो मादझी’ म्हणायचे, म्हणजे पाण्याचे बाबा. निवृत्त झाले तरी लोक पेल्यात पाणी घेऊन त्यांच्या ओट्यावर यायचे. ते पेला उन्हाकडे धरायचे, एक डोळा मिटायचे आणि म्हणायचे, “पी.” मग तो माणूस प्यायचा.

हे एवढं आधी सांगतो, कारण माणूस वाईट नव्हता. पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांच्या वरचढ कुणी असू शकतं, ही कल्पनाच त्यांना कधी शिवली नव्हती.

मग समोरच्या घरात एसिनाती काचिपांडे राहायला आल्या.

त्यांचा भाऊ वारला होता, घर रिकामं पडलं होतं. त्या बावीस वर्षं सरोवराकाठी, सलिमाजवळच्या एका आवारात कामाला होत्या. सरोवराच्या खडकांत जे रंगीत मासे राहतात, ज्यांना आम्ही म्बुना म्हणतो, ते पकडून त्या आवारातून विमानाने परदेशी जायचे. तिथल्या दोनशे पेट्यांचे फिल्टर धुणं हे एसिनातीबाईंचं काम. निवृत्त होताना त्यांना एक चार फुटी काचेची पेटी मिळाली आणि अकरा मासे. कुणाचा पर फाटलेला, कुणाची शेपटी वाकडी. परदेशी गिऱ्हाईक घेणार नाही असे.

सामान उतरलं त्या दिवशी अख्खी आळी गोळा झाली. पलीकडच्या सुताराने विचारलं, “मायी, हे तळायचे कधी?”

“तुझ्या लग्नात,” एसिनातीबाई म्हणाल्या. सुताराला तीन नातवंडं होती. बायका हसून हसून वाकल्या.

दोन आठवड्यांनी माझी बहीण डोरिका भोपळ्याच्या पाल्याची शेंगदाणे घालून केलेली भाजी घेऊन त्यांच्याकडे गेली. परत आली ती डोळे मोठे करून. मी तेव्हा तिच्याच ओट्यावर बसलो होतो. माझी रेडिओ आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्तीची टपरी बहिणीच्या घराला लागूनच आहे.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “काय पाणी आहे त्या बाईचं! पेटीत पाणी आहे हेच कळत नाही. मासे हवेत उडतायत असं वाटतं. असं पाणी मी जन्मात पाहिलं नाही.”

ग्रेशम एन्सिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, घास मोडत होते. तो घास तसाच हातात राहिला.

“जन्मात?” ते म्हणाले.

“जन्मात,” ताई म्हणाली. तिच्या काही ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन बघायला गेले. दारात “ओदी, ओदी” अशी हाक दिली, टाळ्या वाजवून रीतसर नमस्कार झाला. पेटीसमोर ते काचेला नाक लागेल इतके वाकले. निळे, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासे खडकांतून शिवाशिवी खेळत होते. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर पेटीतून आरपार वाचता येत होतं.

“क्लोरीन किती घालता?” त्यांनी विचारलं.

“क्लोरीन?” एसिनातीबाई हसल्या. “बाम्बो, ते तर मी हाकलून लावते. नळाचं पाणी दोन दिवस बादल्यांत उघडं ठेवते, वास उडून गेला की मग पेटीत.”

एकतीस वर्षं जे मोजून मोजून घातलं, ते ही बाई हाकलून लावत होती. ग्रेशम यांच्या कानाच्या पाळ्या हलल्या. रागावले की त्या हलतात.

“आणि गाळता कशातून?”

त्यांनी पेटीशेजारच्या बादलीचं झाकण उचलून दाखवलं. एक छोटी मोटार पेटीतलं पाणी बादलीत ओढत होती आणि ते बादलीतून फिरून पुन्हा पेटीत पडत होतं. आत गादीच्या स्पंजाचे तुकडे, भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, जुन्या भट्टीतल्या विटांचे खडे आणि एका पायमोज्यात भरलेले गोगलगाईंचे शंख.

“शंख कशाला?”

“तुमच्या डोंगराचं पाणी फार मऊ आहे हो. हे सरोवराचे मासे, यांना जड पाणी लागतं. शंख हळूहळू विरघळतात.”

“हे सगळं तर उकिरड्यावरचं सामान आहे.”

“उकिरड्यावरचंच आहे,” त्या खुशीत म्हणाल्या. “सलिमाला चिनी मातीच्या नळ्या होत्या, परदेशातून यायच्या. काम तेच. ज्याला बारीक भोकं खूप, आणि जे पाण्यात कुजत नाही, ते चालतं. जास्त बारीक मात्र नको, लगेच तुंबतं.”

परत येताना ग्रेशम मला म्हणाले, “अलामू, ती बाई तुरटी टाकते.” आम्ही मेहुणे-मेहुणे एकमेकांना अलामू म्हणतो; लेव्हिसन हे माझं नाव ते क्वचितच घेतात.

“तसं वाटलं नाही मला.”

“तुला रेडिओतलं कळतं. पाण्यातलं मला कळतं.”

त्यानंतर तो त्यांचा ध्यासच झाला. महिन्याभरात त्यांच्या बैठकीच्या खोलीतही काचेची पेटी आली. समोरच्यापेक्षा वीतभर लांब. वर भिंतीवर त्यांचं कामाचं प्रमाणपत्र टांगलं. सरोवराकाठच्या मंकी बे गावात त्यांचा चुलतभाऊ होता, त्याच्याकडून नऊ म्बुना मागवले, एकही वाकड्या शेपटीचा नको असं बजावून. आणि फिल्टर तर असा बांधला की पाणीखात्याने कित्ता गिरवावा: तळाला खडी, त्यावर जाडी वाळू, त्यावर मैद्यासारखी बारीक वाळू, वर कोळशाची भुकटी, सगळ्यात वर पांढरा कापूस, ठासून. मोटार मी बसवून दिली. मी म्हटलं, “अलामू, यातून ही मोटार पाणी कसं ढकलणार?” ते म्हणाले, “गाळायचं म्हणजे गाळायचं.”

पहिला आठवडा पाणी काचेसारखं. त्यांनी आळीतल्या प्रत्येकाला बोलावून दाखवलं. दहाव्या दिवशी ते तांदळाच्या धुवणासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. दोन रविवारांत नऊच्या नऊ गेले. पुन्हा मागवले, पुन्हा तेच.

आणि जितकं पाणी गढुळायचं तितकं ते धुवायचे. दर शनिवारी अंगणात सगळा फिल्टर उपसायचा, नळाच्या धारेखाली वाळू चोळायची, कोळसा धुवायचा, नवा कापूस घालायचा. चटईवर वाळत घातलेली ती वाळू चर्चच्या वेदीवरच्या कापडासारखी पांढरी दिसायची. येणारे-जाणारे थबकून बघायचे आणि मग समोरच्या घरात मासे बघायला जायचे.

एसिनातीबाईंनी ताईकडून निरोप धाडला, “एवढं धुऊ नका म्हणावं.”

“स्पंज धुणारी बाई मला शिकवणार?” ग्रेशम म्हणाले. “तिच्याकडे कागद आहे का एक तरी?”

“कागद नाही, पण मासे आहेत,” ताई म्हणाली.

हे बोलणं त्यांच्या वर्मी लागलं. पण त्यांना खरं खुपायचं ते दुपारी चार वाजता. चारला ताई शेंगांचं सूप उचलायची आणि समोर जायची. दोघी पेटीसमोर बसून शेंगा सोलायच्या. काय बोलायच्या कोण जाणे, पण हसणं रस्त्यापलीकडे यायचं. चाळीस वर्षांच्या संसारात ती तशी हसलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती, असं त्यांनीच मला एकदा चिडून सांगितलं. ओट्यावरून समोरच्या खिडकीतली पेटी दिसायची. त्यांनी खुर्ची उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायला सुरुवात केली. दोन दिवसांनी खुर्ची परत सुलटी झाली. न बघणं त्याहून अवघड होतं.

त्यातच एका रविवारी पाद्रीबाबा प्रवचनात म्हणाले, अंतःकरण कसं असावं, तर मायी एसिनातींच्या पेटीतल्या पाण्यासारखं. पुढचे दोन रविवार ग्रेशम यांचा गुडघा दुखत होता.

ऑगस्टमध्ये एसिनातीबाईंना सलिमाहून निरोप आला. त्यांच्याबरोबर काम केलेली मैत्रीण वारली होती. अंत्यविधी आणि पुढचं सगळं धरून बारा दिवस लागणार होते. घराची किल्ली त्यांनी ताईच्या हातात दिली. मी तिथेच होतो.

“एक दिवसाआड चिमूटभर खाणं घाल, डोरिका. बस्स. फिल्टरला हात लावू नकोस. घाण दिसली तरी नाही.”

“नाही लावत, मायी.”

तिसऱ्या दिवशी ताईचा पाय विहिरीपाशी मुरगळला. घोटा भोपळ्यासारखा सुजला. ग्रेशम म्हणाले, “दे ती किल्ली. मी घालतो खाणं.”

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. बिचारीला बरं वाटलं. तिला वाटलं, चला, राग सरला. “फिल्टर उघडू नका हं,” ती म्हणाली.

तासाभराने त्यांनी मला समोरच्या घरातून हाक मारली. आवाजात असा आनंद की मी हातातलं काम टाकून पळालो. ते बादलीवर वाकले होते. हातात स्पंजाचा तुकडा, तपकिरी, बुळबुळीत, नदीकाठच्या चिखलासारखा.

“बघ! लेव्हिसन, बघ! हे आहे तिचं नितळ पाणी. या गटारातून येतं ते! एवढी वाहवा, आणि पोटात हे!”

“अलामू, झाकण ठेवा. ताईने सांगितलंय.”

“अरे, शेजारधर्म म्हणून तरी धुवायला नको? बाई म्हातारी झाली, तिच्याने होत नसेल. मोटार बंद कर.”

मी मोटार बंद केली. हे मला लपवता येणार नाही. मोटार मी बंद केली आणि बादलीही मीच उचलून अंगणात नेली. वाटलं, पाण्यातलं त्यांना कळतं.

त्या दिवशी त्यांनी तीन तास धुतलं. क्लोरीनच्या पाण्यात स्पंज बुडवले, पिळले, पुन्हा बुडवले. विटेचा एकेक खडा ब्रशने घासला. शंख उजळले. प्रार्थनेचं गाणं गुणगुणत होते. समोरून कुणी गेलं की हातातला मळका तुकडा उंच धरून दाखवायचे, “एसिनातीबाईंचा!” सगळं पुष्कळ वेळा खळबळून, वास जाईपर्यंत उन्हात वाळवून, संध्याकाळच्या आत परत बसवलं.

पुढचे दोन दिवस पाणी आणखीच झळाळलं. ग्रेशम दुपारभर त्या पेटीसमोर बसून राहायचे. तिकडे पहिल्यांदाच निवांत बसत होते ते. “आता खरं पाणी,” मला म्हणाले. “आली की बघेल, धुणं कशाला म्हणतात.”

धुण्याचा दिवस धरून चौथ्या दिवशी माशांनी खाल्लं नाही. सहाव्या दिवशी पाण्यावर दुधी झाक आली आणि पिवळा मासा, वाकड्या शेपटीचा, तळाशी आडवा पडलेला दिसला. बाकीचे वर येऊन तोंडं उघडत होते. ते दृश्य ग्रेशम यांना ओळखीचं होतं. आपल्याच घरात दोनदा पाहिलेलं.

घरी येऊन ते ओट्यावर उभेच राहिले. ताई खाटेवर पाय वर करून बसली होती. तिने तोंड बघितलं आणि विचारलं, “काय केलंत?”

“साफ केलं.”

“फिल्टर?”

“किती घाण होती त्यात, तुला कल्पना नाही.”

“घाण दिसली तरी हात लावू नको म्हणून सांगून गेली होती ती!”

“मला नव्हतं सांगितलं.”

“मी सांगितलं होतं तुम्हाला.” ताईचा आवाज चढला नाही. ती उलट हळू बोलायला लागली. “एकतीस वर्षं जेवताना एकच ऐकलंय मी. वाळू खरवडली की ती कच्ची होते. वर साय धरावी लागते. साय जिवंत असते, तीच पाणी साफ करते, वाळू नुसती तिला बसायला जागा देते. साय पिकेपर्यंत पाणी गावात सोडायचं नाही. साहेबाशी भांडलात त्यावरून, बढती घालवलीत. ती तपकिरी घाण काय होती मग? साय नव्हती?”

ग्रेशम पायरीवर बसले.

मी तिथे होतो म्हणून सांगतो, तो माणूस एका क्षणात म्हातारा झाला. त्यांना कळलं नव्हतं असं नव्हे. झाकण उचललं तेव्हाच हाताला कळलं असेल. एकतीस वर्षं ती बुळबुळ बोटांनी ओळखत आले होते ते. पण डोळ्यांना फक्त एवढंच दिसलं, की या बाईच्या घरात घाण सापडली.

“मला समजायला हवं होतं,” ते म्हणाले. “इतर कुणाला नाही. मला.”

मग ते उठले आणि जुन्या हौदांवर गेले. तिथे आता त्यांच्या हाताखालचाच माणूस कामाला आहे. त्या आठवड्यात खरवडायच्या हौदाच्या वरच्या थरातली बादलीभर वाळू त्यांनी मागून आणली, ओलीच, साईसकट. ताईच्या जुन्या पायमोज्यांत भरून ती फिल्टरमध्ये ठेवली. खाणं बंद केलं. आळीतल्या सगळ्या बादल्या गोळा करून नळाचं पाणी उघडं ठेवायला लागले. दोन दिवस मुरलेलं पाणी रोज पेटीत, तेवढंच जुनं बाहेर. कंबर धरून धरून ओतायचे. तरी आणखी दोन मासे गेले. अकरांचे आठ राहिले.

बाराव्या दिवशी सकाळी एसिनातीबाई आल्या. ताई लंगडत, मी आणि ग्रेशम, तिघेही दारात. आदल्या दिवशी ठरलं होतं, ग्रेशम यांनीच सांगायचं.

एसिनातीबाई पेटीसमोर उभ्या राहिल्या. डोक्याचं फडकं सोडलं नाही, पिशवी खाली ठेवली नाही.

“तीन नाहीत,” त्या म्हणाल्या.

“वीज गेली होती,” ग्रेशम म्हणाले. “सबंध दिवस.”

ताईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

एसिनातीबाईंनी झाकण उचललं, आत हात घातला आणि विटेचा एक खडा बाहेर काढला. उजेडात फिरवून पाहिला. ब्रशचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

“वीज विटा घासत नाही, बाम्बो.”

त्यांनी हात पुढे केला. ग्रेशम यांच्याकडे नाही, ताईकडे.

“किल्ली.”

ताईने किल्ली दिली. रडत होती. एसिनातीबाईंनी ती घेतली आणि पिशवी आत ठेवायला गेल्या. त्या परत बाहेर येईनात, तेव्हा आम्ही निघालो.

त्यानंतर ताई दुपारी चारला घरीच असायची. ग्रेशम यांना जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. समोरचं पाणी गढूळ, समोरचं हसणं बंद, बायको डोळ्यांसमोर. ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून शेंगा सोलायची. विचारलं तेवढंच उत्तर द्यायची. एकदा त्यांनी विचारलं, “तिथे काय बोलायचीस गं एवढं?” ती म्हणाली, “तुमच्याबद्दल. कॉलऱ्याच्या वर्षी तुम्ही कसे फिरलात ते सांगायचे.” आणि आत निघून गेली.

तीन आठवडे असे गेले. एसिनातीबाई रोज एकट्याने बादल्या ओढायच्या. एक खांदा त्यांना वर नेता येत नाही, त्यामुळे अर्धी बादली उचलायच्या, ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या. ग्रेशम खुर्चीतून बघत असायचे. एका सकाळी टपरी उघडताना मी पाहिलं, तर ते चार भरलेल्या बादल्या एकेक करून रस्ता ओलांडून नेत होते. चौथी जड होती म्हणून मी हात लावला.

“ओदी,” त्यांनी दारात हाक दिली.

आतून ‘या’ आलं नाही. एसिनातीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“दोन दिवस मुरलेलं आहे,” ग्रेशम म्हणाले.

“हं.”

“वीज गेली नव्हती.”

“हं.”

“मला तुमचं पाणी बघवत नव्हतं.” हे बोलताना ते बादलीकडे बघत होते. “माझ्यापेक्षा कुणाचं पाणी स्वच्छ असावं, हे मला सोसलं नाही. त्या बादलीत घाण दिसली तेव्हा मला जो आनंद झाला ना, मायी, तेवढा नातू झाला तेव्हाही झाला नव्हता. मासे मारायचे नव्हते मला. पण तुमची फजिती करायची होती. त्यातच ते मेले.”

“ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” एसिनातीबाई म्हणाल्या. “क्लोरीन हाकलते म्हटल्यावर तुमचे कान हलले होते.”

“डोरिकाची काही चूक नाही.”

“तेही माहीत आहे. तिच्यावर विश्वास होता, अजून आहे. पण ती तुमच्याच घरात राहते. किल्ली एकीला दिली तरी दोघांना जाते.” त्यांनी बादल्यांवरून नजर फिरवली. “आत ठेवा. ती तिसरी नको, तिच्यात पाला पडलाय.”

ते रोज जायला लागले. सहा आठवडे. एसिनातीबाई फार बोलायच्या नाहीत. एवढंच सांगायच्या: धुवायचं ते पेटीतून काढलेल्या जुन्याच पाण्यात, नळाखाली कधी नाही. महिन्यातून एकदा, पाणी कमी यायला लागलं तर. एका वेळी निम्मेच तुकडे, बाकीचे तसेच. आणि पिळायचं दोनदा. “दोनदा म्हणजे दोनदा, बाम्बो. तिसऱ्यांदा हात शिवशिवतील, तेव्हा खाली बसा.” त्यांचे हात खरंच शिवशिवायचे. मी पाहिलंय, तुकडा बादलीत सोडल्यावर ते दोन्ही पंजे काखेत दाबून धरायचे.

चौथ्या आठवड्यात ताई शेंगांचं सूप घेऊन समोर गेली. तिला ‘ये’ म्हणावं लागलं नाही, आणि ‘जा’ही कुणी म्हटलं नाही. किल्ली मात्र तिला पुन्हा मिळाली नाही. एसिनातीबाई गावाला गेल्या की ती सुताराकडे असते. ताई त्याबद्दल बोलत नाही.

सहा आठवड्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पुन्हा आरपार वाचता येऊ लागलं. त्या दिवशी एसिनातीबाईंनी तपकिरी स्पंजाचा एक तळहाताएवढा तुकडा कापून पिशवीत घालून ग्रेशम यांना दिला. “तुमच्यासाठी विरजण,” त्या म्हणाल्या. ग्रेशम यांनी आपल्या फिल्टरमधली बारीक वाळू आणि कापूस काढून टाकला, विटा भरल्या, शंख भरले, मधोमध तो तुकडा ठेवला आणि दोन महिने झाकणाला हात लावला नाही. झाकणावर मी विनोदाने चिकटपट्टी लावली होती. ती त्यांनी काढू दिली नाही.

आता त्यांच्याही पेटीतलं पाणी असं आहे की पाणी दिसत नाही. आळीत कुणी नवं आलं की दोन्ही घरं बघायला नेतात. गेल्या वर्षी अध्यापक विद्यालयाने त्यांच्या वर्गासाठी एक पेटी लावून द्यायला एसिनातीबाईंना विचारलं. त्यांनी ग्रेशम यांचंही नाव सांगितलं. दोघे मिळून गेले, फिल्टर लावून आले. परत येताना ग्रेशम माझ्या टपरीत शिरले. मला वाटलं खूश असतील.

“आधी तिला विचारलं,” ते म्हणाले. “कागद माझ्याकडे, आणि विचारलं तिला.”

“अलामू, नाव त्यांनीच सुचवलं ना तुमचं?”

“तेच तर. तिने सुचवावं लागलं.”

या थंडीत एसिनातीबाईंच्या निळ्या मादीने तोंडात अंडी धरली. तीन आठवडे ती उपाशी राहिली आणि मग तांदळाएवढी पिल्लं तोंडातून बाहेर सोडली. तेवीस होती. त्यातली दहा त्यांनी ग्रेशम यांना दिली. पिल्लं आता बोटाच्या पेराएवढी झाली आहेत. काल ग्रेशम माझ्याकडून पोलादी पट्टी मागून घेऊन गेले. काचेला लावून मोजतात, आधी आपल्या घरी, मग चारला ताईबरोबर समोर जाऊन तिथे. तिकडची गव्हाच्या दाण्याभराने मोठी भरतात, असं ताई म्हणाली. रात्री जेवले नाहीत.